सराव रोज एक तास, की रविवारी सलग चार?

ब्रिटनच्या टपाल खात्यात पत्रांची छाननी यंत्रांवर होणार होती आणि त्यासाठी पोस्टमनना कळफलक शिकवायचा होता. ॲलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे चार गट पाडले. पहिल्या गटाला रोज एकच तास सराव. दुसऱ्याला एकेका तासाची दोन सत्रं, तिसऱ्याला सलग दोन तासांचं एक सत्र आणि चौथ्याला दोन-दोन तासांची दोन, म्हणजे रोज चार तास. १९७८ साली निष्कर्ष छापून आले. रोज एक तास बसणाऱ्यांना कळफलक सरासरी ३५ तासांत आला, चार तास बसणाऱ्यांना जवळपास ५० तास लागले. पुढे वेग वाढवतानाही तोच प्रकार: पहिल्या गटानं ५५ तासांत जे गाठलं, त्याला चौथ्या गटाला ८० तास मोजावे लागले.

गंमत अशी की सगळ्यात नाराज होता तो पहिलाच गट. कॅलेंडरच्या हिशेबात तो मागे पडत होता ना! चार तासवाले बारा-तेरा दिवसांत मोकळे झाले, यांना आठवड्याला पाच दिवस धरले तर सात आठवडे लागले. स्वतःवर खर्च करताना आपण कोर्सच्या फीची घासाघीस करतो, पण खरं भांडवल म्हणजे तास. आणि ते तास कुठे सार्थकी लागले, हे सांगायला आपलं मन फारसं भरवशाचं नाही.

याचा आणखी पक्का पुरावा २००६ सालचा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार सत्रांत वाचला, काहींनी एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आपल्या लक्षात राहील असा विश्वास मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता. ट्युटोरियलचा व्हिडिओ तिसऱ्यांदा बघताना ‘हे तर येतंय की’ असं वाटतं, ते याच जातीचं.

स्प्रेडशीटमधलं व्हीलुकअप, म्हणजे तक्त्यातून हवी ती नोंद शोधून आणणारं सूत्र घ्या. व्हिडिओत ते सोपं दिसतं: काय शोधायचं, कुठल्या तक्त्यात, कितव्या स्तंभातून उत्तर आणायचं आणि जुळणी तंतोतंत हवी की अंदाजे, असे चार भाग. आता व्हिडिओ बंद करा, कोरी शीट उघडा, वीस ओळींचा वेडावाकडा क्रम असलेला तक्ता भरा आणि सूत्र आठवून लिहा. चौथा भाग सहज विसरला जातो. तो सोडला की प्रोग्रॅम अंदाजे जुळणी धरतो, आणि त्यासाठी पहिला स्तंभ चढत्या क्रमानं लावलेला असावा लागतो. तसा नसेल तर कधी एरर दिसते, पण कधी गुपचूप चुकीचा आकडा येतो, आणि हे जास्त घातक. चौथ्या जागी ‘फॉल्स’ (FALSE), म्हणजे तंतोतंत जुळणी, लिहून तेच पुन्हा करा, मग पाच नोंदी हातानं ताडून बघा. ही वीस मिनिटं व्हिडिओच्या तासाभरापेक्षा जास्त देऊन जातात, कारण चूक तुमची असते आणि ती लगेच दिसते.

मग नोकरीतल्या कामाचाच सराव करत राहिलं तर होणार नाही का? फारसं नाही. २०१४ साली मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. माणसामाणसांच्या कौशल्यातल्या फरकात बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के आणि संगीतात २१ टक्के वाटा हेतुपूर्वक केलेल्या सरावाचा निघाला. नोकरी-व्यवसायात तो एक टक्क्याहूनही कमी! माझ्या मते यात सरावाचा दोष कमी. व्हायोलिनवादकाला चुकलेला सूर तिथल्या तिथे ऐकू येतो. ऑफिसातला अहवाल कुठे फसला हे महिन्यानं कळतं, किंवा कळतच नाही. म्हणून कामाचा एक छोटा तुकडा, समजा अहवालाचा पहिला परिच्छेद, वेगळा काढा आणि ज्याला ते चांगलं जमतं त्याच्याकडून त्याच दिवशी तपासून घ्या.

उजळणी केव्हा करायची, याचाही अंदाज आहे. सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात १३५० हून अधिक लोक होते. माहिती आठवड्यानं लागणार असेल तर साधारण एका दिवसानंतरची उजळणी सरस ठरली, ३५ दिवसांनी लागणार असेल तर साधारण ११ दिवसांनंतरची, आणि वर्षभर टिकवायची तर तीनेक आठवड्यांनंतरची. ते आकडे सामान्यज्ञानाच्या माहितीचे होते, त्यामुळे हाताच्या कौशल्याला ते जसेच्या तसे लावू नका. दिशा तेवढी घ्या: टिकवायचं जितकं लांब, तितकी उजळणीही लांबवर.

आठवडाभर वेळच मिळत नसेल, तर रविवारचे चार तास निदान फोडा. दोन शनिवारी, दोन रविवारी, आणि बुधवारी पंधरा मिनिटं कोऱ्या कागदावर, काहीही न उघडता, गेल्या खेपेचं आठवून लिहायचं. तिथे जे अडेल, शनिवारची सुरुवात तिथूनच करा.