एका बोंडावरून वावर जोखायचं नाही : नकारात्मक झुकावावरच्या उपायांची पार्श्वभूमी

एका बोंडात गुलाबी अळी निघाली की कास्तकाराला सगळी पऱ्हाटी हातची गेल्यासारखी वाटते. कृषी सल्ला मात्र मोजायला सांगतो : वावरात फिरून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडा, फोडून पाहा. २ बोंडांत अळी सापडली, म्हणजे १० टक्क्यांची पातळी गाठली, तर फवारणीचं ठरवा. मनाच्या नकारात्मक झुकावावर, म्हणजे चांगल्यापेक्षा वाईटच मोठं धरण्याच्या सवयीवर, जे उपाय टिकले ते याच जातीचे आहेत. ‘चांगला विचार कर’ हा पारावरचा सल्ला त्यात कुठेच बसत नाही.

झुकाव खरा आहे, हे मोजून दाखवलं गेलं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख जास्त असतं. १९९२ मध्ये त्यांनी हे प्रमाण अंदाजे सव्वादोन पट काढलं. कापसाचा भाव क्विंटलमागे २०० रुपयांनी पडला की मन खचतं, तेवढाच चढला की ते लवकर विसरतं. पुढे २००१ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि पॉल रोझिन यांच्या दोन वेगवेगळ्या आढाव्यांनी नाती, शिकणं, आठवणी अशा अनेक ठिकाणी वाईटाचं पारडं जड असल्याचं दाखवलं. कारण सरळ आहे. धोका एकदा नजरेतून सुटला तर जीव जातो. चांगली संधी पुन्हा येऊ शकते. कोरडवाहू शेतीत तर ही सावधगिरी लागतेच, ती मारायची नाही.

नैराश्यावरच्या उपचाराच्या बाजूने पहिलं मोठं पाऊल अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांचं, १९६० च्या दशकातलं. घटना, त्यावर आलेला विचार आणि त्या विचाराचा पुरावा, हे कागदावर लिहून तपासायचं. पद्धत चांगली, पण तिला प्रशिक्षित माणूस लागतो आणि लिहायची सवयही. त्याच सुमारास ओरेगॉनचे मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन वेगळं सांगत होते : समाधान देणारी कामं दिवसातून गळाली की मन बसतं, मन बसलं की उरलेलीही गळतात. १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने बेक यांच्या उपचाराचे भाग सुटे करून पाहिले. नुसतं कामांचं नियोजन पूर्ण उपचाराइतकंच लागू पडलं. आमच्या मते गावखेड्यासाठी या इतिहासातलं हेच मोठं वळण, कारण हे डॉक्टर नसलेला माणूसही शिकू शकतो. गोव्यात तसं झालंही : प्राथमिक आरोग्य केंद्रांत सामान्य समुपदेशकांनी ६ ते ८ भेटींत दिलेल्या या उपचाराचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांच्या ‘विश्राम’ या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पाचेही आले. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

कामांचं नियोजन करायचं असं. आठवडाभर उठल्यापासून निजेपर्यंत काय केलं ते दोन-दोन तासांनी टिपायचं आणि प्रत्येकापुढे मन कसं होतं त्याला ० ते १० गुण द्यायचे. लिहिता येत नसेल तर नातू लिहील. बहुतेकदा दिसतं की दुपारी बाजेवर पडून मोबाइल पाहण्याला सर्वांत कमी गुण आहेत, डवरणीला किंवा गोठा झाडण्याला त्याहून बरे. मग पुढच्या आठवड्यात एक-दोन कामं वेळ आणि जागा ठरवून घालायची : ‘शेतात लक्ष घालीन’ नाही, ‘उद्या सकाळी ७ ला वरच्या धुऱ्याचं गवत, अर्धा तास’. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, मन लागेल तेव्हा करू म्हणून थांबणं. मन कामामागून येतं. दुसरं, पहिल्याच दिवशी अख्खं एकर धरणं. ते अर्धवट राहतं आणि झुकावाला नवा पुरावा मिळतो.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या गटाने २००५ मध्ये तपासलेला प्रयोग सोपा आहे : आठवडाभर रोज रात्री नीट झालेल्या ३ गोष्टी आणि प्रत्येकीचं कारण लिहायचं. कारण गाळलं की वही ‘सगळे बरे आहेत’वर येऊन अडते. ‘मोटर सुरू झाली, कारण काल स्टार्टरची वायर घट्ट केली’ ही नोंद उपयोगाची.

चिंतेसाठी १९८३ चा मानसशास्त्रज्ञ बोर्कोवेक यांचा उपाय : रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी अर्धा तास चिंता करायची, एरवी आली की त्या वेळेवर ढकलायची. जागा बाज नको, नाहीतर झोपेशी तिची गाठ पडते. या अर्ध्या तासात कर्जाचा हप्ता, चुकारा, पेरणी यांपैकी कशावर उद्या काही करता येतं तेवढं वेगळं काढायचं.

वह्या मात्र सगळ्याला पुरत नाहीत. दोन आठवडे झोप-भूक उडाली, कशातच रस राहिला नाही, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक २४ तास, मोफत, मराठीतही चालतो. जगणं नकोसं झाल्याचं बोलणं निघालं तर त्याच वेळी फोन लावावा, माणसाला एकटं सोडू नये आणि घरातली फवारणीची औषधं शेजारच्या भरवशाच्या घरी कुलपात ठेवावीत.