लळा कोणी लावायचा, ताटातूट कोणी सोसायची

परदेशातल्या बालगृहात काही आठवडे काम करून आलेल्या माणसाकडून दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिल्याच दिवशी मुलं येऊन बिलगली, ही एक. निघताना पाय उचलत नव्हता, ही दुसरी. दोन्ही खऱ्या असतात. मात्र पहिल्या दिवसाचं ते बिलगणं कुठून येतं, हे कळायला बराच मागचा इतिहास पाहावा लागतो.

परक्या मुलखातल्या मुलांसाठी घरदार सोडून जाण्याची वाट आधी मिशनऱ्यांनी पाडली, आणि ते जात ते बहुधा जन्मभरासाठी. मुदतीची स्वयंसेवा त्या मानाने अलीकडची. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने निरनिराळ्या देशांतली माणसं गोळा करून फ्रान्समध्ये व्हर्दनजवळचं एक उद्ध्वस्त गाव पुन्हा उभं करायला घेतलं. पुढे ब्रिटनमध्ये १९५८ साली व्हीएसओ आणि अमेरिकेत १९६१ साली पीस कोअर या स्वयंसेवकांना परदेशी धाडणाऱ्या संस्था सुरू झाल्या. त्यांचा भर शाळा, शेती आणि आरोग्यावर होता आणि माणूस वर्ष-दोन वर्षं तिथेच मुक्काम करी. स्वतः पैसे भरून दोन-चार आठवडे बालगृहात जाण्याची पद्धत फोफावली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी, विमानप्रवास आवाक्यात आल्यावर.

बालगृहाच्या आत काय घडतं याचा शोध मात्र याच्या आधीच सुरू झाला होता. लंडनवर बॉम्ब पडत असताना, १९४१ मध्ये, ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषक बायांनी हॅम्पस्टेड भागात लहान मुलांसाठी निवासी पाळणाघरं उघडली. खर्च उचलत होती एक अमेरिकी संस्था. स्पॅनिश यादवी युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी १९३७ साली सुरू झालेली ही संस्था आज ‘प्लॅन इंटरनॅशनल’ म्हणून ओळखली जाते. दूरदेशीच्या दात्यांना मुलांची खबरबात कळावी म्हणून दरमहा अहवाल धाडले जात. त्या अहवालांत खाण्यापिण्याच्या हिशेबाबरोबर मुलांच्या मनाचंही बारीक निरीक्षण उतरलं.

सुरुवातीला सगळ्या मुलांकडे सगळ्या परिचारिका पाहत. दुपटी वेळेवर बदलली जात, दूध वेळेवर मिळे, आरडाओरडा बेताचा. पण मुलांची वाढ काही गोष्टींत अडल्यासारखी दिसू लागली. मग मुलांचे चार-पाच जणांचे छोटे गट केले आणि प्रत्येक गटाला एक ठरावीक ‘आई’ दिली. झालं असं की घरातली शांतता गेली. मुलं आपल्या बाईवर हक्क सांगू लागली, दुसऱ्याला मांडीवर घेतलं की रुसू लागली, तिच्या सुट्टीच्या दिवशी आकांत करू लागली. त्याच सुमारास ती भराभर बोलू लागली आणि आधी अंगवळणी न पडणाऱ्या चांगल्या सवयीही आता लागू लागल्या. रडणं वाढलं म्हणून प्रयोग मोडीत काढावा, असं त्या दोघींना वाटलं नाही. मला तर या सगळ्या इतिहासातला सर्वांत धीराचा निर्णय हाच वाटतो, कारण संस्था चालवणाऱ्याला शांत मुलं नेहमीच सोयीची असतात.

त्यानंतरच्या दहा वर्षांत पुरावा साचत गेला. मनोविश्लेषक रेने श्पिट्झ यांनी १९४५ मध्ये एका अनाथालयातल्या तान्ह्या मुलांबद्दल लिहिलं. तिथे स्वच्छता होती, अन्न होतं, तरी दोन वर्षांत एक तृतीयांशाहून अधिक मुलं दगावली. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी तयार केलेला अहवाल १९५१ साली आला आणि एकाच माणसाच्या सततच्या सहवासाची गरज हा सरकारी धोरणाचा विषय झाला.

तरीही बालगृहांनी त्यातून उलटाच धडा घेतलेला दिसतो. १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ बार्बरा टिझार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या निवासी पाळणाघरांचा अभ्यास केला. ही काही अंधारकोठडी नव्हती. खेळणी होती, पुस्तकं होती, कर्मचारी शिकलेले होते, मुलांची बुद्धी व्यवस्थित वाढत होती. फक्त फार लळा लावायचा नाही, असा दंडक होता. आज ना उद्या बाई बदलणार, मग मुलाला त्रास कशाला? तरीही व्हायचं ते झालंच. मूल चार-साडेचार वर्षांचं होईपर्यंत सरासरी ५० माणसांच्या हातांखालून गेलेलं असे. यातली पुष्कळ मुलं अनोळखी पाहुण्याच्याही मांडीवर जाऊन बसत, लक्ष वेधून घेत, कुणालाही चिकटत.

पहिल्या दिवशी बिलगणाऱ्या मुलाचं कोडं इथे उलगडतं. ज्याला स्वयंसेवक आपल्यावरचा विश्वास समजतो, ते बरेचदा वारंवार सोडून जाणाऱ्या माणसांच्या सवयीतून आलेलं असतं. घरात वाढलेलं तीन वर्षांचं मूल परक्याला पाहून आईच्या मागे लपतं, आणि तेच स्वाभाविक आहे.

हे ज्ञान पुस्तकांत होतं, लोकांपर्यंत पोचलेलं नव्हतं. डिसेंबर १९८९ मध्ये रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि पुढच्या काही महिन्यांत तिथल्या बालगृहांची चित्रं जगभरच्या टीव्हीवर झळकली. १९६६ च्या ७७० क्रमांकाच्या हुकुमाने गर्भपातावर जवळजवळ बंदी आली होती, गरिबी वाढत गेली होती आणि मुलं सरकारच्या स्वाधीन करण्याची रीत पडली होती. एक लाखाहून अधिक मुलं संस्थांत होती, आणि त्यातल्या बहुतेकांचे आईवडील हयात होते. पश्चिम युरोपातून ट्रक निघाले, परिचारिका निघाल्या, सुतार-गवंडी निघाले, कधी बाळ हातात न धरलेले विद्यार्थीही निघाले. त्यांनी भिंती रंगवल्या, पलंगांना बांधलेली मुलं सोडवली, कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदा अंगणात आणलं. या कामाची थोरवी कमी लेखण्याचं कारण नाही. मात्र परदेशी माणूस बालगृहात जाऊन चार दिवसांत मुलांचं नशीब बदलतो, ही प्रतिमा त्या काळात लोकांच्या मनात पक्की झाली आणि परिस्थिती बदलली तरी ती पुसली गेली नाही.

त्याच देशात २००० साली बुखारेस्टमध्ये १३६ मुलांवर एक अभ्यास सुरू झाला. निम्मी मुलं प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबांत सोपवली, निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि भावनिक वाढ स्पष्टपणे सुधारली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना फायदा जास्त झाला. २००४ मध्ये रुमानियाने दोन वर्षांखालच्या मुलांना, गंभीर अपंगत्वाचा अपवाद वगळता, संस्थेत ठेवायला कायद्याने मनाई केली.

या कामातलं दुःख म्हणजे केवळ निरोप नव्हे. आफ्रिकेत एड्सची साथ जोरात असताना काही बालगृहं मुलांच्या मरणाचीच जागा झाली होती. नैरोबीत १९९२ साली अँजेलो डी’अगोस्टिनो या जेझुइट धर्मगुरूने, जो पेशाने डॉक्टरही होता, ‘न्युम्बानी’ हे एचआयव्हीबाधित मुलांचं घर उघडलं, तेव्हा देण्यासारखं औषध जवळपास नव्हतं. जोहान्सबर्गमध्ये वाढलेल्या एन्कोसी जॉन्सन या एचआयव्हीबाधित मुलाने ११ व्या वर्षी, जुलै २००० मध्ये, डर्बनच्या जागतिक एड्स परिषदेत भाषण केलं आणि १ जून २००१ ला तो गेला. त्याच २००१ मध्ये सिप्लाने एड्सवरच्या तीन औषधांचा एका रुग्णामागचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणण्याची तयारी दाखवली. आधी तो दहा हजार डॉलरच्या पुढे होता. पुढे उपचार पोचले तशी ही घरं मुलं मोठी होण्याची ठिकाणं झाली.

त्या आधीच्या वर्षांत जे तिथे गेले, त्यांनी सकाळी खेळवलेलं मूल महिन्याभरात पुरलं. घरी परतल्यावर या दुःखाला जागा मिळत नसे. आपलं मूल नाही, नातं नाही, मग शोक कसला? केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८० च्या दशकात नेमक्या अशा, समाज ज्याला मान्यता देत नाही त्या शोकाकडे लक्ष वेधलं. यात एक गोष्ट खटकते. परतलेल्या पाहुण्यांनी आपलं दुःख लिहिलं, सांगितलं, त्यांना ऐकणारे भेटले. मुलाचं अंग पुसून दुसऱ्या पाळीला उभ्या राहणाऱ्या स्थानिक बायांचं दुःख फार थोडं नोंदलं गेलं.

२०१० मध्ये लिंडा रिश्टर आणि एमी नॉर्मन या संशोधकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या अनुभवावरून इशारा दिला, की एड्सने पोरकी झालेली मुलं पर्यटकांच्या समाधानाचं साधन होत आहेत आणि प्रत्येक पाहुण्याबरोबर त्यांना नवी ताटातूट सोसावी लागते. पुढच्याच वर्षी कंबोडियातला अभ्यास समोर आला. २००५ ते २०१० या काळात तिथली निवासी केंद्रं १५४ वरून २६९ वर गेली होती आणि संस्थांतल्या चारपैकी सुमारे तीन मुलांच्या आईवडिलांपैकी किमान एक जण हयात होता. अनाथ वाढले म्हणून घरं वाढली नव्हती. पाहुणे आणि देणग्या जिथे येत, तिथे घरं उघडत.

नेपाळमध्ये हे जास्त उघडपणे घडलं. १९९६ ते २००६ च्या सशस्त्र संघर्षात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल फिरले. शिक्षणाच्या आशेने आईबापांनी पदरमोड करून मुलं त्यांच्या हवाली केली आणि काठमांडूत त्यातली काही कागदोपत्री अनाथ झाली. तिथे आठवडाभर खेळवायला आलेल्या माणसाला हे कळायला मार्ग नव्हता. मुलालाही आपली गोष्ट बदलून सांगायला शिकवलेलं असे.

ऑस्ट्रेलियात २०१७ च्या संसदीय चौकशीने पैशासाठी मुलं अनाथालयात भरती करण्याकडे आधुनिक गुलामगिरी म्हणून पाहिलं. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावात अनाथालयातल्या स्वयंसेवेच्या, पर्यटनाशी जोडलेल्या कार्यक्रमांसह, घातक बाजूचा थेट उल्लेख झाला. काही प्रवास कंपन्यांनी असे कार्यक्रम बंद केले. अडचण मात्र खरी आहे. पाहुणे थांबले की देणग्या आटतात, आणि घरं आधी बंद झाली व कुटुंबांना आधार नंतर आला, तर मूल अधांतरी लटकतं.

रवांडाने २०१२ मध्ये बालगृहं टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं ठरवलं, तेव्हा आधी समाजसेवक आणि मानसशास्त्रज्ञ नेमले गेले, मग मुलं नातेवाइकांकडे आणि प्रतिपालक कुटुंबांत जाऊ लागली. पुढे गावोगाव स्वयंसेवक निवडले गेले, प्रत्येक गावात एक बाई आणि एक पुरुष. ते त्याच गावचे रहिवासी. मूल ज्या घरात गेलं आहे तिथे अधूनमधून डोकावणं आणि काही बिनसलं तर वर कळवणं, हे त्यांचं काम.