यंत्र बंद दाराआड, मग दाखवायचं काय?

सर्न या युरोपातल्या कणभौतिकी संस्थेचा एलएचसी हा २७ किलोमीटर घेराचा कणत्वरक (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोल आहे. तो चालू असताना बोगद्यात कुणालाच जाता येत नाही. लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेची अडचण वेगळी. त्याच्या ४ किलोमीटर लांब भुजांच्या लांबीतला प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म फरक मोजतात, त्यामुळे जवळून गेलेला ट्रकसुद्धा नकोसा होतो. अशा ठिकाणी लोकांना बोलवायचं म्हणजे पंचाईतच.

मग बहुधा सोपी वाट धरली जाते: काचेखाली प्रतिकृती, भिंतभर फलक, बटण दाबलं की लागणारे दिवे. शास्त्रज्ञांना यंत्राचा प्रत्येक भाग दाखवायचा असतो. पाहणाऱ्याला मुळात ते यंत्र कशासाठी बांधलं हेच ठाऊक नसतं. माझ्या मते प्रदर्शनाच्या दालनाची सुरुवात यंत्रापासून नव्हे, घटनेपासून करावी.

कणत्वरकासाठी क्लाउड चेंबरला, म्हणजे कणांच्या वाटा डोळ्यांना दाखवणाऱ्या पेटीला, तोड नाही. बंद पेटीच्या वरच्या भागात आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली पट्टी असते आणि तळाचा पत्रा उणे ३० अंशांखाली थंड ठेवतात. वाफ खाली उतरते आणि तळालगत अतिसंपृक्त (जरा निमित्त मिळताच थेंब धरेल असा) थर तयार होतो. विद्युतभारित कण त्यातून गेला की वाटेत आयन तयार होतात आणि त्यांच्यावर थेंब धरून रेघ दिसते. अल्फा कणाची रेघ आखूड नि जाड, इलेक्ट्रॉनची बारीक, वेडीवाकडी. म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, सरळ निघून जातो. पाहणारा ‘हे आलं कुठून?’ असं विचारतो, तेव्हा कुठे त्वरकाचा विषय काढावा.

लायगोचं मर्म टेबलावरच्या मायकेलसन व्यतिकरणमापीत (प्रकाशाच्या पट्ट्यांवरून सूक्ष्म अंतरं मोजणाऱ्या उपकरणात) कळतं. लेसरचा झोत दुभंगतो, आरशांवरून परततो, पडद्यावर पट्टे उमटतात. टेबलावर बोट टेकवा, पट्टे हलतात. ट्रकचा त्रास का होतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात प्रयोगसंच बनवणारी कार्यशाळाच लोकांना दिसेल अशी ठेवलेली आहे. पक्का सांगाडा घडवण्याआधी पुठ्ठ्याचा कच्चा नमुना लोकांसमोर ठेवून बघावा. ते भलतीच मूठ ओढतात, फलक वाचतच नाहीत (वाचतील ही आशा लेखकांनाच असते). आणि देखभालीचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढावेत. क्लाउड चेंबरमध्ये अल्कोहोल पुन्हा भरावं लागतं, काच पुसावी लागते, शीतकरण बिघडतं; उद्‌घाटनाच्या अंदाजपत्रकात हा खर्च सहसा नसतो.