बोर्डाची शाळा, बोर्डाचे मास्तर, पण बोर्डावर नाहीत

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून कधीतरी कानावर येतं, की त्यांच्या गावातली एक शिक्षिका स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभी आहे आणि घराघरापुढच्या हिरवळीत तिच्या नावाच्या पाट्या रोवल्यात. तिथं सुमारे 13 हजार शाळा-जिल्हे (एकेका भागातल्या शाळांचा कारभार पाहणारे स्वतंत्र विभाग) आहेत, आणि बहुतेक ठिकाणी बोर्ड थेट लोकांच्या मतांनी निवडलं जातं. ज्या जिल्ह्याचा पगार घ्यायचा त्याच्याच बोर्डावर बसायला अनेक राज्यांत मनाई आहे. तशा ठिकाणी बाई शिकवतात शेजारच्या जिल्ह्यात आणि उभ्या राहतात आपल्या राहत्या गावात.

हे ऐकून आपल्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींना हसू येईल. निवडणूक त्यांना नवी नाही. मतदार यादी दुरुस्त करायला तेच, आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर मुक्कामाला तेच आणि बोटाला शाई लावायलाही तेच. शिक्षण हक्क कायद्यानं त्यांची इतर अशैक्षणिक कामं कमी केली, पण जनगणना आणि आपत्तीबरोबर निवडणुकीचं काम ठेवलंच. फक्त उमेदवारी अर्ज भरता येत नाही. असं का झालं, याचा धागा दीडशे वर्षं मागे जातो.

‘बोर्डाची शाळा’ हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. मुंबई इलाख्यात 1863 पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांना मिळे. पैसा रयतेचा होता आणि कारभार साहेबाच्या शिक्षण खात्याचा. व्हाइसरॉय रिपनच्या स्थानिक स्वराज्याच्या 1882 च्या ठरावानंतर 1884 मध्ये लोकल बोर्डांचा, म्हणजे जिल्ह्या-तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या मंडळांचा, कायदा आला, नगरपालिकांना थोडे अधिकार मिळाले, आणि शाळा कुणाच्या ताब्यात असाव्यात हा वाद तेव्हापासून सुरू झाला.

या वादात एका शिक्षकाचं म्हणणं फार मोलाचं आहे. जोतीराव फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा त्यांनी विरोधात मत दिलं. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे 1882 च्या ऑक्टोबरात सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं आणि प्राथमिक शिक्षकाचा पगार बारा रुपयांच्या खाली नसावा असं लिहिलं. त्याच निवेदनातली आणखी एक मागणी सहसा कुणी सांगत नाही. मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी शाळांचा खर्च उचलावा, पण कारभार मात्र पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, शिक्षण खात्याची देखरेख राहावी. सहा वर्षं त्या सभागृहात बसलेला माणूस हे लिहितो आहे. पुढच्या साठ वर्षांत जे झालं ते पाहता त्यांना माणसं बरोबर कळली होती.

फुल्यांना ती खुर्ची मिळाली, कारण नगरपालिका त्यांना पगार देत नव्हती. हाच फरक पुढेही दिसतो. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये शिकवत असतानाच 1899 मध्ये मुंबई कायदेमंडळावर गेले आणि नंतर पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल त्यांनी 1911 मध्ये मांडलं. पुढच्या वर्षी 38 विरुद्ध 13 मतांनी ते पडलं. फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे 1921 मध्ये इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. ही मंडळी खासगी संस्थेतली आणि उच्च शिक्षणातली होती. फायनल (सातवीची परीक्षा) पास होऊन खेड्यात चार इयत्ता एकट्यानं सांभाळणारा मास्तर या पंगतीत कुठेच नाही.

सक्ती करायची मुभा नगरपालिकांना विठ्ठलभाई पटेलांच्या 1918 च्या कायद्यानं दिली. मग 1923 चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि खऱ्या अर्थानं स्कूल बोर्डं जन्माला आली. शाळा, पैसा, नेमणुका, बदल्या हे सगळं त्यांच्याकडे गेलं. कारभार पाहणारा प्रशासन अधिकारीसुद्धा बोर्डाच्याच नोकरीत. कल्पना चांगली होती, की गावच्या शाळेचं गावच्या माणसांनी पाहावं.

प्रत्यक्षात त्या काळातल्या मास्तराची अवस्था काय झाली असेल ते बघा. गावात लिहिता-वाचता येणारा, घराघरात जाणं असलेला, लोकांचे अर्ज लिहून देणारा माणूस तोच. लोकल बोर्डाच्या निवडणुकीत उमेदवाराला असाच माणूस हवा असतो. मास्तरानं आपल्या बाजूनं फिरावं म्हणून एक पुढारी दटावी, दुसऱ्याच्या बाजूनं फिरला म्हणून तिसरा चेअरमन झाल्यावर त्याला तालुक्याच्या टोकाला पाठवी. बदली हे शिक्षणातलं सर्वांत धारदार हत्यार तेव्हापासूनचं. आणि पगारी नोकरानं मालकाच्या सभेत बसायचं नाही या साध्या न्यायानं बोर्डाच्या मास्तराला बोर्डाचं दार बंदच होतं. म्हणजे निवडणुकीत त्याला राबवून घेतलं जाई, उभं राहायची मुभा मात्र नव्हती.

तक्रारी इतक्या वाढल्या, की बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं 1938 मध्ये कायदा बदलून प्रशासन अधिकारी सरकारी केला. पुढे 1947 च्या कायद्यात बोर्डं राहिली, पण नेमणुका आणि बदल्यांवरची त्यांची पकड सैल झाली. शिक्षकाला पुढाऱ्यापासून वाचवण्याचा हा उपाय होता, आणि माझ्या मते त्या घटकेला तो गरजेचाच होता. फक्त वाचवताना कुणाला असं सुचलं नाही, की दोन जागा शिक्षकांनाच देऊन टाकाव्यात. त्याला संरक्षण मिळालं, आवाज मिळाला नाही. (हे सगळं जुन्या मुंबई राज्यापुरतं. निजामाकडून आलेल्या मराठवाड्यात शाळा थेट सरकारच्या होत्या, विदर्भात जनपद सभा नावाच्या स्थानिक संस्था होत्या.)

जिल्हा परिषदा 1 मे 1962 ला सुरू झाल्या आणि जिल्हा स्कूल बोर्डं संपली. त्यांची जागा शिक्षण समितीनं घेतली, तिच्यावर निवडून आलेले सदस्य. शिक्षकांसाठी 1967 ची वर्तणूक नियमावली आली: राजकारणात भाग घ्यायचा नाही, प्रचार करायचा नाही, उभं राहायचं नाही. कागदावर नियम कडक आहे. गावात मात्र गुरुजींची बायको सरपंच असते आणि ग्रामसभेचा अजेंडा कुणाच्या अक्षरात आहे हे सगळ्यांना कळतं.

शहरांत शिक्षण मंडळं आणखी पन्नास वर्षं टिकली. त्यांचे सदस्य मतदार निवडत नसत, नगरसेवक निवडत. काही जागांना शिक्षणाची अट होती, तरी तिकीट हुकलेल्या किंवा पडलेल्या कार्यकर्त्याची सोय लावायची जागा अशीच मंडळांची ओळख झाली. गणवेश आणि वह्यांच्या खरेदीत जेवढा रस, तेवढा वर्गात नसे. राज्यानं 2013 मध्ये ती मोडीत काढायचं ठरवलं. काही मंडळांनी मुदत पुरी केली आणि कारभार महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे गेला. फारसं कुणाला वाईट वाटलं नाही.

मग शिक्षकानं निवडणूक लढवायची कुठे? घटनेच्या 171 व्या कलमानं विधान परिषदेत शिक्षकांचा मतदारसंघ ठेवला आहे. महाराष्ट्रात 78 पैकी सात जागा: मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती, नागपूर. मतदार मात्र माध्यमिकच्या खालचा चालत नाही. म्हणजे चौथीपर्यंतची शाळा चालवणाऱ्या गुरुजींना इथं मतही नाही. पदवी असेल तर त्यांनी पदवीधर मतदारसंघात जावं. उलट उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे अशी अट कुठेच नाही. मद्रासच्या पदवीधर जागेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1972 मध्ये सांगितलं, की अट मतदाराला आहे, उमेदवाराला नाही. त्यामुळे शिक्षकांच्या जागेवर संस्थाचालक उभा राहिला तरी कायदा गप्प बसतो. ज्या संस्थाचालकाकडे नोकरी, त्याला मत द्यायचं की नाही, हा प्रश्न 1923 च्या मास्तराच्या प्रश्नाहून फार वेगळा नाही.

त्या मतदानाची एक गंमत. मतपत्रिका कागदाची, हातात जांभळ्या शाईचा स्केच पेन, आणि नावापुढे 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे टाकायचे. बरोबरची खूण केली की मत बाद. वर्षभर बरोबरच्या खुणा करणाऱ्या हातांकडूनच दर निवडणुकीत मतं बाद होतात.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची निवडणुकीची हौस फिटते ती सहकारात. नगर किंवा साताऱ्यासारख्या ठिकाणी प्राथमिक शिक्षक बँकेची निवडणूक लागली की पॅनेलं पडतात, रात्री अकरापर्यंत मोटारसायकली फिरतात, एकमेकांच्या कर्जाचे व्याजदर काढले जातात. भाषणं ऐकावीत, आमदारकीला लाजवतील. विषय मात्र कर्ज, व्याज आणि लाभांश, शाळेचा नाही.

खुद्द शाळेत शिक्षकाला जागा आहे, पण ती निवडणुकीची नाही. खासगी शाळांच्या 1981 च्या नियमावलीप्रमाणे शाळा समितीवर एक कर्मचारी सेवाज्येष्ठतेनं, पाळीपाळीनं, एका वर्षापुरता येतो. मुख्याध्यापक सचिव, बाकी संस्थेची माणसं. सरकारी शाळेत 2009 च्या कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आली. तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांतला. बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक, आणि उरलेल्या तिघांत एक शिक्षक, तोही शिक्षकांनीच ठरवलेला.

कुठल्याही झेडपीच्या शाळेत गेलात तर ऑफिसच्या दाराशेजारी भिंतीवर ऑइल पेंटनं हा तक्ता रंगवलेला दिसेल. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य अशी नावं ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत. ‘शिक्षक प्रतिनिधी’ या शब्दांपुढची जागा मात्र बऱ्याचदा खरवडलेली असते. बदल्या 2017 पासून ऑनलाइन झाल्यात, पेंटर काही दर वेळी येत नाही, म्हणून नव्या बाईंचं नाव तिथं खडूनं लिहिलेलं असतं.