स्वतःचा धंदा आणि घरात बाळ येणार: परवडेल असं मॅटर्निटी कव्हर कसं शोधायचं

नोकरी नसलेल्या, म्हणजे स्वतःचा धंदा, फ्रीलान्स काम नाहीतर छोटी प्रॅक्टिस चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक काढलंय. आमच्याकडे येणारा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, "दिवस राहिलेत, आता कुठली पॉलिसी घेऊ?" आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत निम्मे दरवाजे बंद झालेले असतात, म्हणून ज्यांचं लग्न ठरलंय, नुकतं झालंय किंवा दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय अशांनी हे आत्ता वाचावं, नंतर नाही.

नोकरदारांना कंपनीचं ग्रुप कव्हर असतं, त्यात मॅटर्निटी बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून मिळते, कोणी फॉर्म भरायला लावत नाही की काही विचारत नाही. तुमच्या-आमच्यासारख्या धंदेवाल्यांना पॉलिसी बाजारातून स्वतः घ्यावी लागते, हप्ता स्वतः भरावा लागतो, आणि बाळंतपणात काम बंद राहिलं की कमाईही बंद. म्हणजे खर्च वाढतो त्याच महिन्यांत आवक थांबते. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा, कारण मॅटर्निटीवाली पॉलिसी मिळाली म्हणजे काम झालं असं समजून बरेच जण तिथेच थांबतात.

वेटिंग पिरियड कशाला असतो आणि तो मोजायचा कुठून

इन्शुरन्स चालतो तो कधी काय होईल माहीत नाही या गोष्टीवर. अपघात कधी होईल सांगता येत नाही म्हणून हजार जण थोडे थोडे पैसे टाकतात आणि ज्याच्यावर वेळ येते त्याला मिळतात. बाळंतपणाचं तसं नाही, ते ठरवून होतं आणि तारीखही साधारण माहीत असते. सगळ्यांनी दिवस राहिल्यावरच पॉलिसी घेतली आणि बाळ झाल्यावर सोडून दिली तर कंपनीला हप्ता जवळजवळ हॉस्पिटलच्या बिलाएवढाच लावावा लागेल. म्हणून वेटिंग पिरियड ठेवतात, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर इतके महिने बाळंतपणाचा क्लेम मिळत नाही, कुठे ९ महिने, कुठे १२, कुठे २४, कुठे ३६ पण.

आता इथे बारीक अक्षरात एक गोष्ट असते ती नक्की बघा. काही पॉलिसींत डिलिव्हरी वेटिंग संपल्यानंतर झाली की पुरे, काहींत मात्र गर्भधारणाच वेटिंग संपल्यानंतरची हवी. फरक केवढा पडतो ते बघा, २४ महिन्यांचं वेटिंग असेल तर पहिल्या प्रकारात पॉलिसी घेतल्यापासून साधारण सोळाव्या महिन्याच्या पुढे दिवस राहिले तरी चालतं (बाळ लवकर आलं तर? म्हणून दोन महिने जास्तीचे धरा), दुसऱ्या प्रकारात तेच बाळ पॉलिसीच्या तेहतिसाव्या महिन्याच्या आसपास येतं. एका वाक्याने आठ-नऊ महिने इकडचे तिकडे होतात. आम्ही ग्राहकाला ब्रोशर दाखवत नाही, पॉलिसी वर्डिंगमधलं, म्हणजे कराराच्या मूळ मजकुरातलं हे वाक्यच आधी काढून दाखवतो.

आणि वेटिंग प्रत्येक माणसाचं वेगळं मोजतात. नवऱ्याची पॉलिसी पाच वर्षं जुनी आहे, लग्नानंतर बायकोचं नाव त्यात घातलं, तर तिचं वेटिंग तिचं नाव ज्या दिवशी चढलं त्या दिवसापासून सुरू होतं. लग्नानंतर नाव चढवायला वर्ष-दीड वर्ष लावणारी जोडपी आम्ही खूप बघतो, पेपर बदलायचे राहिलेत, आडनावाचं ठरलं नाही, बँकेचं काम बाकी आहे वगैरे. नाव कुठलंही असो, चढवून टाका, दुरुस्ती नंतर होते.

दोन खर्च वेगळे करा

हा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण परवडणं न परवडणं इथेच ठरतं.

बाळंतपणाचा एक खर्च असतो तो माहीत असलेला. तपासण्या, सोनोग्राफी, औषधं, साधी डिलिव्हरी, दोन-तीन दिवस हॉस्पिटल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून गरोदरपणात किमान ८ वेळा तपासणी सांगितलीय, आधी ४ सांगायचे, आणि पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आत. म्हणजे हा खर्च कधी आणि किती वेळा येणार हे आधीच कळतं. आणि त्यातला ओपीडीचा, म्हणजे भरती न होता केलेल्या तपासण्यांचा खर्च पुष्कळ पॉलिसी देतच नाहीत, भरती झाल्यापासूनचंच देतात.

दुसरा खर्च अचानक येणारा. सिझर करावं लागलं, रक्तस्राव झाला, बीपी वाढलं, बाळ ३७ आठवड्यांच्या आधी आलं आणि पेटीत ठेवावं लागलं. हे काही लाखात एखादं नाही, जगात साधारण १० पैकी १ बाळ वेळेआधी जन्मतं आणि ५ पैकी १ पेक्षा जास्त बाळंतपणं सिझरने होतात. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असलं की बिल दिवसावर चालतं, आणि किती दिवस ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

आता हिशेब करू. साध्या डिलिव्हरीचा खर्च १०० धरा. मॅटर्निटी जोडल्यामुळे हप्ता वर्षाला १५ ने वाढला, दोन वर्षं वेटिंग, तिसऱ्या वर्षी बाळ, म्हणजे तुम्ही ४५ जास्त भरले. पॉलिसीतली मॅटर्निटीची मर्यादा आहे ५०. हातात काय आलं? ५. हेच ४५ वेगळ्या खात्यात टाकले असते तरी जवळपास तेवढेच मिळाले असते, आणि बाळ उशिरा आलं किंवा आलंच नाही तरी पैसे तुमचेच राहिले असते. पण त्याच पॉलिसीत बाळाला पहिल्या दिवसापासून पूर्ण सम इन्शुअर्ड, म्हणजे पॉलिसीची एकूण विमा रक्कम मिळत असेल आणि बाळ तीन आठवडे पेटीत राहिलं, तर हिशेब एकदम उलटा होतो, तिथे ती पॉलिसी घर वाचवते. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमच्या शहरातले हॉस्पिटलचे दर आणि हातात आलेलं कोटेशन टाकून हाच हिशेब कागदावर करा, पाच मिनिटं लागतात.)

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. माहीत असलेल्या खर्चासाठी दर महिन्याला पैसे बाजूला टाका, आणि इन्शुरन्स घ्या तो अचानक येणाऱ्या खर्चासाठी. पॉलिसी बघताना मॅटर्निटीची मर्यादा ५० का ६० यावर घासाघीस करण्यापेक्षा सिझरची मर्यादा वेगळी आहे का, गुंतागुंत झाली तर खर्च मॅटर्निटीच्या मर्यादेत अडकतो का मोठ्या सम इन्शुअर्डमधून जातो, आणि बाळाचं कव्हर कधी सुरू होतं, हे तीन विचारा. मॅटर्निटी नसलेल्या पॉलिसीतही सगळंच बंद नसतं, उदाहरणार्थ भारतातल्या पॉलिसींच्या ठराविक मॅटर्निटी एक्सक्लुजनमध्ये (पॉलिसी काय देत नाही ते सांगणारं कलम) एक्टोपिक प्रेग्नन्सी, म्हणजे गर्भ गर्भाशयाबाहेर राहणं, हे अपवाद म्हणून सोडलेलं आहे, त्याचा क्लेम साध्या भरतीसारखा होऊ शकतो. अपघाताने झालेल्या गर्भपाताचंही तसंच.

बाळाची फाइल वेगळी असते

हे क्लेमच्या वेळी बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतं. बाळ आईजवळ असेपर्यंत एकच बिल, पण बाळाला एनआयसीयूत हलवलं की हॉस्पिटल त्याची वेगळी फाइल उघडतं. बाळाचं नाव ठेवलेलं नसतं म्हणून फाइलवर "बेबी ऑफ" आणि पुढे आईचं नाव असं लिहितात, बिलही त्याच नावाने निघतं. आता टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेच्या डेस्कवर ही फाइल जाते आणि तिथला माणूस पॉलिसीत हे नाव शोधतो, नाव नाही, कॅशलेस नाकारलं. वडील रात्री दोन वाजता पैशाची जुळवाजुळव करत बसतात, आणि कव्हर असून!

यासाठी दोन गोष्टी आधी करून ठेवा. एक, पॉलिसीत नवजात बाळाचं कव्हर पहिल्या दिवसापासून आहे का ९० दिवसांनंतर, हे लेखी घ्या, कारण ज्या ९० दिवसांत बाळाला सगळ्यात जास्त धोका तेच पुष्कळ पॉलिसींत वगळलेले असतात. दोन, बाळ झालं की किती दिवसांत कळवायचं ते बघा आणि कळवायचं काम आई-वडील सोडून तिसऱ्या कुणाकडे तरी द्या, आत्या, मामा, कोणीही, त्या दिवसांत आई-वडिलांना मुदत लक्षात राहत नाही. अमेरिकेत बाळ जन्मल्यापासून मार्केटप्लेसच्या (सरकारने चालवलेला इन्शुरन्सचा बाजार) प्लॅनसाठी ६० दिवस मिळतात आणि कव्हर जन्मतारखेपासून धरतात, इतर ठिकाणी मुदत वेगळी असते, पण मुदत असतेच.

दिवस आधीच राहिले असतील तर

घाबरून जाऊन मिळेल ती पॉलिसी घेऊ नका आणि कृपा करून फॉर्मवर गरोदर नाही असं लिहू नका. एजंटने सांगितलं तरी नाही. पहिल्या सोनोग्राफीच्या कागदावर तारीख असते, क्लेमला तोच कागद लागतो, आणि खोटं निघालं तर नुसता क्लेम जात नाही, अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते, सगळ्या कुटुंबाची.

आधी घरातच बघा, नवरा-बायकोपैकी एकजण नोकरीत असेल तर त्या ग्रुप कव्हरमध्ये दुसऱ्याला आत्ता घालता येतं का. मग तुमच्या व्यवसायाची संघटना, सहकारी संस्था, बँकेचं खातं, यांच्यातून ग्रुप पॉलिसी आहे का, त्यात वेटिंग माफ असू शकतं. तुमच्याकडे पगारावर चार माणसं असतील तर छोट्या फर्मसाठी ग्रुप पॉलिसी मिळते का तेही विचारा, पण कव्हरसाठी कागदावर खोटी माणसं दाखवायची नाहीत, आम्ही ते काम करत नाही.

देशाचा कायदाही बघावा लागतो, नियम फार वेगळे आहेत. अमेरिकेत २०१४ पासून वैयक्तिक प्लॅनमध्येही मॅटर्निटी द्यावीच लागते आणि गरोदर आहे म्हणून नाकारता येत नाही, पण प्लॅन ठरलेल्या खिडकीतच, म्हणजे ठरवून दिलेल्या मुदतीतच घ्यावा लागतो आणि केंद्रीय मार्केटप्लेसमध्ये नुसतं गरोदर राहिल्याने वेगळी खिडकी उघडत नाही, बाळ झाल्यावर उघडते, मात्र उत्पन्न कमी असेल तर मेडिकेड या सरकारी योजनेत वर्षात कधीही अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्या आईला अटी पूर्ण केल्या तर ३९ आठवड्यांपर्यंत मॅटर्निटी अलाउन्स, म्हणजे सरकारी भत्ता मिळतो. भारतात १९६१ च्या मॅटर्निटी कायद्यात २०१७ ला २६ आठवड्यांची पगारी रजा आली ती नोकरी करणाऱ्या बाईसाठी, धंदा करणारीला त्यातलं काही नाही. म्हणून नातेवाईक दुसऱ्या देशातून सल्ला देतात तेव्हा तो तिथपुरताच धरा.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर हॉस्पिटलचं पॅकेज आत्ताच लेखी घ्या, नॉर्मल आणि सिझर दोन्हीचं, त्यात भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि औषधं धरलीत का ते विचारून. सरकारी हॉस्पिटलची नोंदणीही करून ठेवा, नोंदणी केली म्हणून तिथेच जावं लागत नाही, पण रात्री वेळ आली तर नंबर असलेला बरा. एनआयसीयू जवळात जवळ कुठे आहे हे तर माहीत हवंच.

हप्ता चुकू देऊ नका

धंद्यात आवक एकसारखी नसते हे आम्हाला माहीत आहे, आमचंही तसंच आहे. हप्त्याची तारीख मंदीच्या महिन्यात येत असेल तर पॉलिसी घेतानाच महिना बदलून घ्या. ग्रेस पिरियड, म्हणजे हप्ता उशिरा भरायची सवलत असते पण तो संपला की पॉलिसी तुटते आणि जमलेलं वेटिंग पाण्यात, परत शून्यापासून. कंपनी आवडली नाही तर रिन्यूअलच्या आधी पोर्ट करा, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्या, तोडून नवीन घेऊ नका, आणि पोर्ट केल्यावर मॅटर्निटीचं जमलेलं वेटिंग धरतायत का हे आधी लेखी विचारा. हप्ता जड होत असेल तर मॅटर्निटी काढून टाकण्याआधी डिडक्टिबल (बिलातली आपण स्वतः भरायची रक्कम) वाढवून बघा किंवा रूमची कॅटेगरी खाली घ्या, एकटीची खोली नसली तरी उपचार तेच असतात. रूम रेंटची मर्यादा असलेल्या पॉलिसीत महाग खोली घेतली तर नुसता खोलीचा फरक भरावा लागत नाही, बाकीच्या बिलातलाही बराच भाग त्याच प्रमाणात कापतात, हे ॲडमिशनच्या वेळी जो कोणी सोबत असेल त्याला सांगून ठेवा.

कमाई बंद राहण्याचं काय, तर त्याला पॉलिसी फारशी मिळत नाही. तीन महिन्यांचा घरखर्च आणि धंद्याचं भाडं-हप्ते एवढी रक्कम वेगळी असावी असं आम्ही सांगतो. आई स्वतः धंदा बघत असेल तर आणखी जास्त, सिझरनंतर उभं राहून काम सुरू करायला वेळ लागतो आणि तो द्यावा.

आमच्याकडे येताना दोघंही या. चालू असलेल्या सगळ्या पॉलिसी आणा, जुन्या, बंद पडलेल्या पण, गेल्या दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, आणि थायरॉइड, शुगर, बीपी, आधीचा गर्भपात असं काही असेल तर त्याचे कागद. ते लपवायचं नसतं, फॉर्मवर बरोबर शब्दांत लिहायचं असतं, आणि ते आपण बसून एकत्र लिहू. सल्ल्याचे पैसे घेत नाही, पॉलिसी घेतली तर कंपनी आम्हाला कमिशन देते, कुठल्या पॉलिसीवर किती तेही विचारा, सांगतो.