मानह्वा आणि वेबटून

‘मानह्वा’ हे कोरियन चित्रकथा व व्यंगचित्रे यांचे समाईक नाव. मराठीत या दोन गोष्टींना वेगळे शब्द आहेत, कोरियनमध्ये एकच चालतो. पडद्यावर वरून खाली सरकवत वाचण्यासाठी रचलेल्या मानह्वाला ‘वेबटून’ म्हणतात. जपानी ‘मांगा’ व चिनी ‘मानहुआ’ हे शब्द मूळ त्याच चिनी चिन्हजोडीचे उच्चार होत. मानह्वा मात्र मांगाप्रमाणे उजवीकडून नव्हे, तर डावीकडून वाचतात.

‘देहान मिनबो’ या वृत्तपत्राच्या २ जून १९०९ च्या पहिल्या अंकातील ई दो-योंग यांचे व्यंगचित्र आद्य मानह्वा मानण्याची प्रथा आहे. कोरियन युद्धानंतर भाड्याने पुस्तके वाचायला देणारी ‘मानह्वाबांग’ ही दुकाने पसरली. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर छापील व्यवसाय खचला.

वेबटूनच्या जन्माबाबत एकमत नाही. ‘वेबटून’ हे नाव २००० मध्ये ‘चोल्लिआन’ या संगणक-सेवेने वापरले. तथापि त्या काळी ते हलत्या चित्रांनाही लावले जाई, त्यामुळे नावावरून प्रकाराचे वय ठरवणे धोक्याचे. २००० नंतरच्या एक-दोन वर्षांत वैयक्तिक संकेतस्थळांवरील दैनंदिनीवजा चित्रांत उभी मांडणी दिसते, म्हणून काही अभ्यासक उगम तेथे शोधतात. मात्र ती चित्रे सुटी व छोटी होती. दीर्घ, क्रमशः कथेसाठी उभ्या पट्टीचा सलग वापर चित्रकथाकार कांग फुल यांच्या ‘सुनजोंग मानह्वा’ने (‘दाउम’ हे कोरियन संकेतस्थळ, २००३) रुळवला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. (हेच शब्द मुलींसाठीच्या मानह्वा-प्रकाराचेही नाव असल्याने नवख्यांचा गोंधळ होतो.) ‘नेव्हर’ या दुसऱ्या कोरियन संकेतस्थळाची वेबटून-सेवा २००४ मध्ये, तिची इंग्रजी आवृत्ती २०१४ मध्ये सुरू झाली.

वेबटूनमध्ये पानाचा हिशेब नसतो. चौकटींमधील मोकळी जागा हेच काळाचे माप. चालू संवादातील चौकटी जवळ, प्रसंग बदलला की मोठे अंतर. आठवण किंवा रात्र दाखवताना त्या जागेत काळा रंग भरतात. धक्कादायक चित्राआधी फोनच्या पडद्याएवढी जागा रिकामी सोडली नाही, तर ते आधीच खालून डोकावते आणि धक्का वाया जातो. नेव्हरवर पट्टीची रुंदी बराच काळ ६९० पिक्सेल राहिली. इंग्रजी सेवेच्या हौशी विभागात ८०० × १२८० पिक्सेलचे तुकडे चढवतात. चित्र मात्र याच्या दुप्पट वा अधिक रुंदीवर काढावे, कारण लहान काढून वाढवल्यास रेषा फाटते. तुकडे मोकळ्या जागेतच पाडावेत. संवादाच्या फुग्यातून काप गेला, की चित्र सावकाश उतरताना अर्धेच वाक्य दिसते. मोठ्या पडद्यावर ठसठशीत दिसणारी अक्षरे साधारण सात सेंटिमीटर रुंदीच्या फोनवर वाचता येत नाहीत, ही नवोदितांची नेहमीची चूक. छापील पानाच्या चौकटी नुसत्या एकाखाली एक लावल्यानेही वेबटून होत नाही. उलट, वेबटूनचे पुस्तक करताना सगळी मांडणी नव्याने करावी लागते.

भाग बहुधा आठवड्याला येतात. ‘थांबलात तर फुकट’ या पद्धतीत ठरावीक वेळ वाट पाहून पुढचा भाग मोफत मिळतो. लगेच हवा असल्यास पैसे पडतात.