मोटरसायकलीच्या गिअरबदलाचे आवाज

मोटरसायकलीचा गिअर बदलताना किंवा गिअरबॉक्स फिरत असताना येणारे खट्, टक्, खुळखुळ, शीळ असे आवाज. यांतले बहुतेक आवाज रचनेतूनच येतात, बिघाडातून नव्हे.

मोटरसायकलीच्या गिअरबॉक्समध्ये गिअरांच्या सर्व जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात, मात्र प्रत्येक जोडीतला एक गिअर शाफ्टवर मोकळा फिरतो. शेजारचा सरकता गिअर त्याला येऊन भिडला की ती जोडी ताकद वाहू लागते. भिडण्यासाठी एकाच्या बाजूवर डॉग, म्हणजे उभे ठोकळे, आणि दुसऱ्यावर खाचा असतात. खाच डॉगपेक्षा मुद्दाम रुंद ठेवलेली असते. नाहीतर फिरता डॉग तिच्यात शिरणारच नाही. शिरल्यावर तो ही मोकळीक ओलांडून खाचेच्या भिंतीवर आदळतो, आणि तोच आवाज बाहेर ऐकू येतो. मोटारगाडीत दोन्ही भागांचे वेग आधी जुळवून घेणारी सिंक्रोमेश यंत्रणा 1928–29 च्या सुमारास कॅडिलॅकने आणली. मोटरसायकलीत ती सहसा नसते: जागा अरुंद, भाग हलके आणि बदल झटपट हवा.

पायाने एका दाबाला एकच गिअर बदलणारी यंत्रणा साधारणतः वेलोसेट या ब्रिटिश मोटरसायकल कंपनीच्या हॅरल्ड विलिस यांच्या नावावर, 1928–29 च्या आसपास, मांडली जाते. पायाचा वापर मात्र त्याआधीचा. स्कॉट या ब्रिटिश कंपनीच्या दोन गिअरांच्या गाड्यांत गिअर पायानेच बदलत. दर बदलाला येणारी बारीक टक् ही गिअर-ड्रमच्या, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या फिरत्या दंडगोलाच्या, टोकावरील चांदणीच्या खोबणीत स्प्रिंगने दाबलेले रोलर बसल्याची असते.

पहिल्या गिअरची खट् : उभ्या गाडीत न्यूट्रलवरून पहिला टाकताना येणारा हा आवाज सर्वांत मोठा, आणि कारणाबद्दल मतभेदही याच्याचबाबत. एक मत सारा दोष डॉगच्या मोकळिकीला देते. दुसरे क्लचच्या ओढीला. तेलात बुडालेल्या क्लचमध्ये लिव्हर पूर्ण दाबला तरी प्लेटांमधले तेल आतल्या हबला थोडेफार ओढत राहते. समजा इंजिन मिनिटाला 1,200 फेऱ्यांवर आहे, प्राथमिक घट (इंजिनापासून क्लचपर्यंत वेग कमी होण्याचे प्रमाण) 3 पट आणि पहिल्या गिअरचे गुणोत्तर 2.8 आहे. ओढ पूर्ण असेल तर इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचहबला जोडलेला शाफ्ट, 400 फेऱ्या घेईल आणि पहिल्या गिअरचे मोकळे चाक सुमारे 143, म्हणजे सेकंदाला जवळपास अडीच. समोरचा सरकता गिअर मात्र थांबलेल्या मागच्या चाकाशी बांधलेला. दोघे भिडताच इनपुट शाफ्ट आणि क्लचहब एका क्षणात थांबतात. थंड, घट्ट तेलात खट् मोठी आणि इंजिन तापल्यावर कमी होते, यावरून ओढीचे स्पष्टीकरण अधिक पटते. मोकळीक आवाजाला वाट देते, जोर नव्हे. बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरांच्या) गाड्यांचा क्लच कोरडा, तरी लिव्हर दाबताच गिअर टाकला तर त्याही खटकतात, कारण शाफ्ट अजून आपल्या वेगाने फिरत असतो. क्षणभर थांबल्यास तो शांत होतो.

थंड गाडीत इंजिन बंद ठेवून, गिअरमध्ये, लिव्हर दाबून गाडी थोडी पुढे-मागे ढकलली की चिकटलेल्या प्लेटा सुटतात. गिअर टाकताना लिव्हर पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबावे आणि पाय ठामपणे दाबावा. भीत-भीत दाबलेला पाय डॉगच्या कडा घासतो. गिअर पडतच नसेल तर बहुधा डॉग डॉगासमोर आलेला असतो. लिव्हर किंचित सोडून शाफ्ट थोडा फिरू द्यावा. केबलच्या क्लचमध्ये लिव्हरच्या टोकाशी मोकळीक अनेक गाड्यांत 10 ते 20 मिमी असते. ती वाढली की क्लच पूर्ण सुटत नाही. चेन ढिली असेल किंवा मागच्या चाकातील धक्के शोषणारे रबर झिजले असेल तर साधीच खट् मोठी वाटते, आणि गिअरबॉक्स उगाच बदनाम होतो.

प्राथमिक गिअर व बॉक्समधले गिअर बहुधा सरळ दात्यांचे असतात, म्हणून वेगाबरोबर चढणारी शीळ येते. न्यूट्रलमध्ये येणारी आणि लिव्हर दाबताच थांबणारी खुळखुळ तेलातल्या क्लचमध्ये स्वाभाविक आहे. ड्युकाटीच्या कोरड्या क्लचमध्ये उलट, लिव्हर दाबल्यावरच खडखडाट सुरू होतो.

संशय घ्यावा तो वेगळ्या खुणांवर. जोर दिल्यावर गिअर सुटत असेल, विशेषतः दुसरा, तर डॉगच्या कडा गोल झालेल्या किंवा शिफ्टर फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा काटा, वाकलेला असू शकतो. चांगले डॉग किंचित आतल्या बाजूस तिरपे कापलेले असतात, त्यामुळे ताण पडताच ते एकमेकांना ओढून धरतात. कड गोल झाली की तोच ताण त्यांना बाहेर ढकलतो. क्लच दाबून, इंजिन बंद करून उतारावरून सोडलेल्या गाडीतही घरघर येत राहिली, तर चेन, चाकाचे किंवा आउटपुट शाफ्टचे (मागच्या चाकाकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचे) बेअरिंग तपासावे. तेल बदलताना चुंबकी नटावर करडी बारीक पेस्ट चालते; नखाला लागणारा लोखंडाचा कण चालत नाही.